चार लाख बावीसची शीव

संशयी : ज्याला तुम्ही संख्या म्हणता आहात तो मुळात पत्ता आहे. शीव कोळीवाड्याला जाणाऱ्या पाकिटावर ४०००२२ लिहितात ते टपाल नीट पोचावं म्हणून, काही मोजायचं आहे म्हणून नव्हे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची रचना केली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. त्या रचनेत पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या विभागाचा. पहिले तीन अंक मिळून ४००, म्हणजे मुंबई. उरलेले ०२२ टपाल वाटणाऱ्या कचेरीचे. तो बावीसही नवा नव्हता. आधीपासून लोक पाकिटावर ‘मुंबई २२’ लिहीतच होते, त्याच्यापुढे चारशे आणि एक शून्य लागलं. यातला एकही अंक कुणी मोजून काढलेला नाही, प्रत्येक अंक नेमून दिलेला आहे. शीवच्या पिनमध्ये गिरगावचा ४००००४ मिळवून पाहा. येतात ८०००२६. ही संख्या आठाने सुरू होते आणि आठ हा बिहार-झारखंडचा अंक आहे. शीव अधिक गिरगाव बरोबर बिहार, या वाक्याला काही अर्थ आहे का? ज्या अंकांची बेरीज निरर्थक ठरते त्यांचे विभाजक शोधणं, त्यांना गणिती प्रकारांत बसवणं, म्हणजे माणसाच्या नावातल्या काना-मात्रा मोजून त्याचा स्वभाव सांगणं.

रसिक : अंक कसे नेमले गेले ते तुम्ही बरोबर सांगितलंत. पण नेमणाऱ्याच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, हेही पाहायला हवं. बावीस आधी होताच, चारशे पुढे लागले, तिथे माणसाचं काम संपलं. ते सहा अंक एका ओळीत बसले आणि चार लाख बावीस ही संख्या तयार झाली. तिच्यात पुढे काय निघेल यावर कुणाचाच हुकूम चालत नाही. तिला २ ने भाग जातो, हे शेवटचा अंक सांगतो. उरतात २०००११. त्यांना ७ ने भाग जातो, हे मात्र नुसतं पाहून कळत नाही, भागूनच पाहावं लागतं. भागाकार येतो २८५७३. ही संख्या पुढे फुटते का? १७० चा वर्ग २८९००, तिच्याहून मोठा. तेव्हा १६७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. १३ ने भागलं तर १२ उरतात, १५७ ने भागलं तर १५६ उरतात. दोन्हीकडे अवघ्या एकाने हुकतं. शेवटपर्यंत कुणाचाच भाग जात नाही. म्हणून ४०००२२ म्हणजे २ गुणिले ७ गुणिले २८५७३, तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार. स्वतःला सोडून बाकीच्या सात विभाजकांची बेरीज होते २८५७५४. ती संख्येहून कमी, म्हणून प्राचीन ग्रीक वर्गवारीत ही न्यून संख्या. शिवाय ही दोन वर्गसंख्यांची बेरीज होऊ शकत नाही, कारण चाराने भागल्यावर तीन उरणारा ७ तिच्यात एकदाच येतो. ही दोन वर्गसंख्यांची वजाबाकीही होऊ शकत नाही, कारण चाराने भागल्यावर तिच्यात दोन उरतात आणि अशा वजाबाकीत दोन कधीच उरत नाहीत. तीन वर्गसंख्यांची बेरीज मात्र होते : ६३१, ३१ आणि ३० यांचे वर्ग मिळवा, बरोबर ४०००२२ येतात. यातलं काहीही टपाल खात्याने नेमलेलं नाही.

संशयी : हे सगळं मला मान्य आहे, आणि का मान्य आहे ते सांगतो, कारण पुढचा वाद त्यावरच उभा राहणार आहे. चार लाख बावीस खडे घ्या. ते चौदा रांगांत मांडले तर प्रत्येक रांगेत २८५७३ खडे येतील आणि एकही खडा उरणार नाही. ते देवनागरीत लिहा, रोमन अक्षरांत लिहा, नाही तर अजिबात लिहू नका. रांगा तशाच लागतात. ही संख्येची काया. पण संख्येला वेषही असतो. आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून ती ४०००२२ दिसते. संगणकाच्या द्विमान पद्धतीत तीच संख्या ११००००११०१०१००१०११० अशी एकोणीस अंकी होते. तिथे ना चार आहे, ना बावीस. तेव्हा माझी कसोटी साधी आहे : लिहिण्याचा पाया बदला आणि गुण टिकतो का ते पाहा. टिकला तर तो संख्येचा, नाही टिकला तर तो लेखणीचा. अंकांची बेरीज, अंक उलटे करणं, अंकांची उतरती-चढती मांडणी यांवर जी वर्गवारी उभी आहे ती सगळी वेषाची वर्गवारी आहे. महाराष्ट्रात या वर्गवारीला एका मोठ्या नावाचा आधार आहे, म्हणून तिच्याकडे कौतुकाने पाहिलं जातं. ते कौतुक मी समजू शकतो. पण कौतुक म्हणजे सिद्धता नव्हे.

रसिक : ते नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं. जन्म डहाणूला, १९०५ साली. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. आणि सारी नोकरी नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत मास्तरकीची. १९४९ साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी ६१७४ चा गुण मांडला. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. त्यांची एक कल्पना आपल्या संख्येवर चालवून पाहू. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. जी नवी संख्या येते तिची पहिली संख्या जनक. ४००००९ च्या अंकांची बेरीज १३. मिळवली की ४०००२२. म्हणजे आपल्या संख्येला जनक आहे. काही संख्यांना जनकच नसतो : १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२ अशा शंभराच्या आत तेरा आहेत. कापरेकरांनी त्यांना स्वयंभू म्हटलं. कुणी न घडवलेल्या देवमूर्तीला आपण जो शब्द वापरतो तोच हा. मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाब्याचा ४००००५ असा स्वयंभू आहे. कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवून तो येत नाही. आणि आपल्या ४०००२२ ला आणखी एक जनक आहे. ३९९९८२ घ्या. तीन, नऊ, नऊ, नऊ, आठ, दोन; बेरीज चाळीस. मिळवा, पुन्हा ४०००२२. एक जनक चार लाखांच्या अलीकडचा, एक पलीकडचा. दोन वाटांनी पोचता येणाऱ्या अशा संख्येला कापरेकरांनी जंक्शन म्हटलं. सगळ्यांत लहान जंक्शन १०१. त्याचे जनक ९१ आणि १००. तीन जनक असणारं पहिलं जंक्शन गाठायला १,००,००,००,००,००,००१ पर्यंत जावं लागतं. एवढ्या विरळ गोष्टीला नुसता वेष म्हणून बाजूला सारता येईल का?

संशयी : इथेच सावध व्हायला हवं, कारण मोह मोठा आहे. शीव म्हणजे सीमा, गावाची वेस. सतराव्या शतकात इंग्रजांनी तिथे किल्ला बांधला तो त्यांच्या बेटाच्या कडेला. खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांची होती. अशा सीमेवरच्या गावाच्या आकड्याला चार लाखांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना एकेक जनक असावा, हे ऐकलं की मन लगेच अर्थ जोडू लागतं. पण बाकीचे आकडे तपासा. गिरगावचा ४००००४ जंक्शन आहे : ४००००० आणि ३९९९६४. परळ-लालबागचा ४०००१२ जंक्शन, दादरचा ४०००१४ जंक्शन, शीवला लागून असलेल्या अँटॉप हिलचा ४०००३७ सुद्धा जंक्शन. आणि माहीम? तेही बेटाचं टोक, तिथेही किल्ला, तिथेही वेस. त्याच्या ४०००१६ ला एकच जनक आहे, ४००००६. म्हणजे आकड्याला गावाची काही खबर नाही. आता माझी कसोटी लावू. द्विमान पद्धतीत आपल्या संख्येचा जनक शोधला तर तो एकच निघतो, ४०००१३. त्या वेषात त्याचे नऊ अंक एक असतात आणि ते नऊ मिळवले की ४०००२२ होतात. दुसरा जनक नाही. म्हणजे पाया बदलला आणि जंक्शन नाहीसं झालं. जी. एच. हार्डी यांनी १९४० सालच्या आपल्या पुस्तकात नेमका हाच मुद्दा मांडला होता. चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच अशा की त्या आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत येतात : ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. हार्डींचं म्हणणं होतं की हे कोड्यांच्या सदराला शोभेल, पण गणितज्ञाला खेचून घेईल असं यात काही नाही. तुमच्या जंक्शनबद्दल मी यापेक्षा वेगळं काय म्हणू?

रसिक : गावाचा संबंध तुम्ही तोडलात ते बरंच केलंत, तो जोडायचा माझा विचारच नव्हता. पण तुमच्याच तपासणीतून एक प्रश्न उभा राहिला आहे. गिरगाव, परळ, दादर, शीव, अँटॉप हिल अशी इतकी जंक्शनं एकाच पट्ट्यात का आली, आणि माहीम मध्येच का वगळलं गेलं? हे दैवाने झालेलं नाही, त्याला कारण आहे. ३९९९९९ च्या अंकांची बेरीज ४८, म्हणून त्यातून निघते ४०००४७. पुढच्याच पावलाला सगळे नऊ गळून शून्य होतात, अंकांची बेरीज ४८ वरून ४ वर येते आणि ४००००० मधून निघते ४००००४. पाऊल एकच पुढे पडलं, पण फळ त्रेचाळीस घरं मागे आलं. म्हणून ४००००४ ते ४०००४७ हा पट्टा दोनदा चालला जातो, एकदा चार लाखांच्या अलीकडून आणि एकदा पलीकडून. जिथे दोन्ही चालींचं पाऊल पडतं तिथे जंक्शन. आता माहीम पाहा. पलीकडून ४००००० ते ४००००९ या दहा संख्या ४००००४ पासून ४०००२२ पर्यंतच्या प्रत्येक सम संख्येवर पाऊल टाकतात. अलीकडून ३९९९६० ते ३९९९६९ या संख्या सम घरांवर चालत ४०००१४ ला थांबतात. सत्तरच्या घरातल्या संख्या विषम घरांवर पडतात. आणि ऐंशीच्या घरातल्या पुन्हा सम घरांवर येतात, पण त्या ४०००१८ पासून सुरू होतात. चौदा आणि अठरा यांच्या मधलं ४०००१६ अलीकडच्या चालीतून सुटतं. ज्या गोष्टीला असं घरोघरचं कारण देता येतं, आणि जिचा अपवादही त्याच कारणाने उलगडतो, तिला योगायोगाच्या टोपलीत टाकता येत नाही.

संशयी : कारण आहे हे मान्य, पण ते कशाचं कारण आहे? रिक्षाच्या मीटरचे आकडे नवावरून शून्यावर उलटतात, तसं तुम्ही हातचा पुढे गेल्यावर काय होतं ते समजावलंत. ती मोजण्याच्या यंत्राची हकीकत झाली. चार लाखांची सीमा ही सीमा आहे ती आपल्या हातांना दहा बोटं आहेत म्हणून. तिनाच्या पायात ४००००० हा आकडा कुठल्याच वेशीवर नाही. एखाद्या लेखनपद्धतीतल्या घटनेला त्या पद्धतीच्या आत कारण सापडणं स्वाभाविक आहे. यमक का जुळलं याचंही कारण भाषेत सापडतंच. तुमच्यासमोरचं आव्हान वेगळं आहे. अंकांवर उभ्या असलेल्या या वर्गवारीतून असं एक तरी विधान काढून दाखवा, जे पाया बदलल्यावरही उभं राहतं.

रसिक : तीन दाखवतो. पहिलं तुमच्या-माझ्या शाळेतलं आहे. नवाने भागल्यावर संख्येत जे उरतं तेच तिच्या अंकांच्या बेरजेत उरतं. म्हणून जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज मिळून नवाच्या हिशेबात जनकाची दुप्पट होते. ४०००२२ मध्ये नवाने भागल्यावर ८ उरतात; तेव्हा जनकात ४ च उरले पाहिजेत, दुसरं काही चालणार नाही. ४००००९ ची अंकबेरीज १३, उरतात ४. ३९९९८२ ची अंकबेरीज ४०, उरतात ४. दोन्ही जनकांत अंतर २७, नवाची तिप्पट, आणि ते तसंच असायला हवं होतं. हा नियम दहाचा नाही. पाया आठ घेतला तर नवाच्या जागी सात येतात, आणि कायेवर अशीच सक्ती होते. दुसरं : पाया विषम घेतला तर संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज दोन्ही एक तर सम असतात, नाही तर दोन्ही विषम. त्यांची बेरीज नेहमी सम. म्हणजे कोणत्याही विषम पायात प्रत्येक विषम संख्या स्वयंभू. हे एका ओळीत सिद्ध होतं आणि असंख्य पायांना लागू होतं. तिसरं हार्डींच्याच उदाहरणातलं. ९८०१ म्हणजे ९९ चा वर्ग. पायाचा वर्ग करून त्यातून एक वजा करा आणि आलेल्या संख्येचा पुन्हा वर्ग करा. तिचं उलटं रूप नेहमी तिला पूर्ण भागतं आणि भागाकार पायाहून एकाने कमी येतो. आठाच्या पायात ७६०१ हे १०६७ ची सातपट आहे. मांडून पाहिलं तर ते सरळ बीजगणित आहे. हार्डींना जो सुटा दाणा वाटला तो एका अख्ख्या कणसाचा होता. त्यांनी कणीस सोलून पाहिलं नाही.

संशयी : हे तिसरं उदाहरण मला मनापासून पटलं, आणि त्यामुळे माझा आक्षेप मागे जात नाही, तो अधिक नेमका होतो. पाहा काय झालं ते. तुमची तिन्ही विधानं टिकली, पण ती ४०००२२ बद्दल राहिली नाहीत. ती पायाबद्दलची झाली, अंकांच्या बेरजेबद्दलची झाली. आपली संख्या त्यांतून उदाहरण म्हणून आली आणि गेली. मग एकेका संख्येला धरून ‘ही जंक्शन, ही स्वयंभू, ही हर्षद’ अशी नावं देत बसण्याचं प्रयोजन काय? दुसरी अडचण मोठी आहे. प्रकार जितके वाढवाल तितकी कोणतीही संख्या कशात ना कशात बसणारच. जिला प्रत्येक वहीत कुठे तरी जागा आहे तिच्याबद्दल वह्यांनी काही सांगितलं असं होत नाही. आणि नाव गाजलं म्हणून नियम सार्वत्रिक होतो असंही नाही. ६१७४ चंच घ्या. चार अंकी संख्येचे अंक उतरते आणि चढते लावून वजाबाकी करत राहा, सगळे अंक एकसारखे नसतील तर सात पावलांच्या आत ६१७४ येते. आता आपली सहा अंकी संख्या घ्या. ४२२००० मधून ०००२२४ वजा, ४२१७७६; मग ६५१७४४, ६२०८७४, ८५१७४२. तिथून सात संख्यांचं रिंगण सुरू होतं आणि ते थांबत नाही. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ हे दोन वेगळे मुक्काम आहेत, आपली संख्या त्यांपैकी एकालाही पोचत नाही. जो नियम दोन अंक वाढताच बदलतो त्याच्यावर किती भार टाकायचा?

रसिक : वह्या वाढवून कुणाचं मोल वाढत नाही, हे मलाही मान्य आहे. तेव्हा मी माझी कसोटी सांगतो. एखाद्या प्रकाराची व्याख्या करताना आपण त्यात जे घातलं त्याहून वेगळं काही त्यातून निघालं पाहिजे. निघालं तर तो प्रकार खरा, नाही तर ती नुसती यादी. हर्षद म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाणारी संख्या. आपली ४०००२२ हर्षद नाही. तिची अंकबेरीज ८, आणि आठाने तिला भाग जात नाही. पण कूपर आणि केनेडी यांनी १९९३ साली सिद्ध केलं की लागोपाठ एकवीस हर्षद संख्या कधीच येत नाहीत आणि लागोपाठ वीस मात्र अनंत वेळा येतात. पुढच्याच वर्षी ग्रुंडमन यांनी दाखवलं की कोणत्याही पायात ही मर्यादा पायाच्या बरोबर दुप्पट असते. व्याख्येत वीस कुठे होता? स्वयंभू संख्यांबद्दल झॅनियर यांनी १९८२ साली दाखवलं की पुढे कितीही गेलं तरी त्या संपत नाहीत, त्यांचं प्रमाण एका ठरलेल्या वाट्यावर स्थिरावतं. आणि सगळ्यांत बोलकी गोष्ट कापरेकर संख्यांची. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. तो मध्येच तोडा : २०४०८ आणि १२२४४९. मिळवा, पुन्हा १४२८५७. हा तर शुद्ध वेषाचा खेळ वाटतो. पण इयानुची यांनी २००० साली सिद्ध केलं की अशा संख्या म्हणजे ९९९९९९ सारख्या संख्यांच्या ठरावीक विभाजकांचंच दुसरं रूप. ९९९९९९ म्हणजे १४२८५७ गुणिले ७, आणि या दोघांत सामाईक विभाजक नाही; तेवढ्यावर सगळं ठरतं. वेषातून आत गेलो आणि हाताला मूळ संख्या लागल्या. आपल्या चार लाख बावीसमध्ये दडलेला सात आहे तोच हा सात.

संशयी : तिथे तुम्ही कायेपर्यंत पोचलात, मी नाकारत नाही. पण काया किती खोल जाते तेही पाहा. सगळ्या बाजू पूर्णांकांत किंवा अपूर्णांकांत मांडता येतील आणि क्षेत्रफळ बरोबर ४०००२२ भरेल असा काटकोन त्रिकोण असतो का? हा प्रश्न अंकांना शिवतही नाही. आपल्या संख्येला एकाहून मोठ्या कोणत्याही वर्गसंख्येने भाग जात नाही आणि आठाने भागल्यावर सहा उरतात. बर्च आणि स्विनर्टन-डायर यांचं अनुमान खरं असेल तर असा त्रिकोण असायलाच हवा. पण ते अनुमान अजून सिद्ध झालेलं नाही, त्याच्या सिद्धतेवर १० लाख डॉलरचं बक्षीस लागलेलं आहे. आठाने भागल्यावर काय उरतं एवढ्या एका गोष्टीवरून केवढ्या मोठ्या दारापाशी आपण आलो! तुमचे दोन जनक शाळेतलं मूल कागदावर पाच मिनिटांत शोधील. खोली वेगळी आहे.

रसिक : खोली वेगळी आहे की आपल्याला सापडलेला जिना वेगळा आहे, हे मला ठरवता येत नाही. मूल पाच मिनिटांत जनक शोधतं, पण स्वयंभू संख्यांचा वाटा स्थिर राहतो हे सिद्ध करायला गणितज्ञ लागतो. प्रश्न सोपा दिसणं ही उथळपणाची खूण नाही. आणि वेष हा शब्दही मला आता अपुरा वाटतो. ४०००२२ लिहिणं म्हणजे दहाचा पाचवा घात चार वेळा, दहा दोन वेळा आणि दोन, अशी ती संख्या गुणाकार आणि बेरीज यांत उलगडून मांडणं. घात गुणाकारातून येतात, अंक बेरजेतून. एकं, दहं, शतं, सहस्र म्हणत आपण लहानपणापासून हेच करतो. संख्यासिद्धांतातले अवघड प्रश्न बहुतेक तिथेच उभे राहतात जिथे बेरीज आणि गुणाकार एकमेकांना भिडतात. तुमचा त्रिकोणही तिथलाच. अंकांचे प्रश्न त्याच वेशीवर आहेत, फक्त गावाच्या आपल्या बाजूने. म्हणून तुमची कसोटी मी नाकारत नाही, ती पूर्ण करतो. पाया बदलून गुण मोडतो का, एवढंच विचारू नका. सगळे पाये एकदम घ्या आणि विचारा : ४०००२२ ही संख्या कोणकोणत्या पायांत जंक्शन आहे? ही यादी कोणत्याही एका पायाची नाही. ती त्या संख्येची आहे, खड्यांच्या रांगांइतकीच.

संशयी : हा प्रश्न मी आधी विचारला नव्हता, आणि तो टाळता येत नाही. त्यातलं एक टोक मी इथेच मोजतो. पाया २०००११ हून मोठा असेल तर २०००११ ही एकअंकी संख्या होते. तिच्यात तिचाच अंक मिळवला की ४०००२२. म्हणजे एक जनक पक्का. दुसरा दोन अंकी असायला हवा, पुढचा अंक एक. हिशेब केला तर तो पाया विषम असेल तेव्हाच जमतो, आणि पाया ४०००२१ पर्यंत असेल तोवरच. म्हणजे २०००१३ पासून ४०००२१ पर्यंत प्रत्येक विषम पायात आपली संख्या जंक्शन आहे आणि मधल्या एकाही सम पायात नाही. १,००,००५ पाये इथेच मोजून झाले. पण यात ४०००२२ चं स्वतःचं काही नाही. कोणतीही मोठी सम संख्या घ्या, वरच्या टोकाला हेच घडेल. तिचं वेगळेपण असलंच तर ते खालच्या, लहान पायांत आहे, जिथे दोनाच्या पायात एक जनक निघाला आणि दहाच्या पायात दोन. त्या यादीत जर सात, किंवा २८५७३, यांचा काही माग दिसला, तर वेष आणि काया यांच्यामध्ये मी आखलेली रेघ मला पुसावी लागेल. नाही दिसला, तर तुमची यादी संख्येची असूनही तिच्याबद्दल काही सांगत नाही, असं तुम्हाला मान्य करावं लागेल.

रसिक : मान्य. आणि तसं झालं तर माझ्याच कसोटीने ती यादी खरा प्रकार ठरणार नाही. तेव्हा तिनापासून सुरुवात करू. तिनाचा पाया विषम, म्हणजे प्रत्येक जनकातून सम संख्याच निघणार, आणि आपली संख्या सम आहे. अडसर काही नाही. आता मांडून पाहायचं.